आधी वर्कशॉप, मग गाडी

दहा वर्षांपूर्वी पन्नास लाखांना शोरूममधून निघालेली जर्मन सेडान आज नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या भावात मिळते, कधी त्याहूनही कमीत. भाव इतका का पडतो, याचं उत्तर गाडीच्या मालकांच्या साखळीत आहे. पहिला मालक वॉरंटी संपत आली की गाडी सोडतो. दुसरा चार-पाच वर्षं हौस भागवतो. मग एके दिवशी वर्कशॉपवाला त्याच्या हातात मोठ्या कामाचं एस्टिमेट ठेवतो आणि गाडी विकायची जाहिरात लागते. नाशिकमध्ये बसून जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी शोधणारा माणूस बहुतेक वेळा या साखळीतला तिसरा असतो.

एक गोष्ट मनात पक्की करा. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेल्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला तर बिल पन्नास लाखांच्या गाडीचंच येतं. म्हणून माझा हिशेब असा: जेवढे पैसे हातात आहेत त्यातले पंधरा ते वीस टक्के बाजूला काढायचे आणि उरलेल्यात बसेल तीच गाडी बघायची. बाजूला काढलेले पैसे पहिल्या वर्षात लागतातच. ते काढून ठेवणं जमणार नसेल, तर त्याच बजेटमध्ये नवी साधी सेडान घ्या आणि सुखानं झोपा.

भाव करताना एक तारीख लक्षात ठेवा. मोठ्या सेडानवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली सरकायला हवा. विकणारा त्याआधीच्या भावाची कात्रणं दाखवत असेल, तर त्याला या तारखेची शांतपणे आठवण करून द्या.

बहुतेक लोक आधी गाडी पसंत करतात आणि सर्व्हिसिंगचं नंतर बघू म्हणतात. क्रम उलटा ठेवा. तुम्हाला हव्या त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप शहरात आहे का, की गाडी बंद पडली तर टो करून ठाण्याला किंवा पुण्याला न्यावी लागेल, हे आधी विचारा. अधिकृत वर्कशॉपबरोबर एक स्वतंत्र वर्कशॉपही हेरून ठेवा. सातपूर-अंबड भागात किंवा मुंबई नाक्याच्या आसपास चौकशी करताना मालकाला एकच प्रश्न विचारा: कंपनीच्या गाडीसाठी लागणारं खरं सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहे का? मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस. "आमच्याकडे सगळ्या गाड्यांचा एकच स्कॅनर आहे" असं उत्तर आलं, तर ऑइल बदलण्यापुरतं ते ठिकाण ठीक. या गाड्यांत साधी बॅटरी बदलली तरी ती कॉम्प्युटरला कळवावी लागते. बीएमडब्ल्यूत याला बॅटरी रजिस्टर करणं म्हणतात. तसं न करता नुसती बॅटरी बसवून दिली, तर चार्जिंगचा हिशेब जुन्याच बॅटरीप्रमाणे चालतो आणि नवी बॅटरी लवकर मरते.

डिझेलच्या बाबतीत मात्र या शहराला कुणी शिकवायला नको. सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात, म्हणजे जुन्या नाशिककरांच्या मायकोत, नोझल आणि इंजेक्टर बनत आले. त्र्यंबक रोडवरच्या चौकाला मायको सर्कल हे नाव त्यामुळेच पडलं. इंजेक्टर खोलून बेंचवर तपासणारी जाणती माणसं इथे सापडतात. सेकंडहँड डिझेल सेडान घेताना त्यांचा उपयोग करून घ्या.

इंजिनाचा कोड विचारा

"२०१२ची फाइव्ह सिरीज कशी?" या प्रश्नाला उत्तर नाही. एकाच मॉडेलमध्ये चांगलं आणि डोकेदुखीचं अशी दोन्ही इंजिनं मिळतात. त्यामुळे बोनेटखाली कोणतं इंजिन आहे, त्याचा कोड काय, हे आधी बघायचं.

बीएमडब्ल्यूची ३२० डी आणि ५२० डी या आपल्याकडे सगळ्यात जास्त खपलेल्या गाड्यांपैकी. त्यांच्या जुन्या पिढीत एन ४७ नावाचं दोन लिटरचं डिझेल इंजिन आहे. चालायला झकास, पण त्याची टायमिंग चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला लागून बसवलेली आहे. चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजतात किंवा तुटतात, चेन सैल होते आणि एखाद्या दिवशी सुटली तर इंजिन संपतं. चेनची किंमत फार नाही. तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, खरा खर्च त्या मजुरीचा आहे. २०११च्या सुमारास कंपनीनं चेनमध्ये सुधारणा केली आणि पुढे बी ४७ हे नवं इंजिन आलं. त्याचीही चेन मागेच आहे, पण तक्रारी बऱ्याच कमी. २०११ आधीची एन ४७ गाडी असेल, तर चेन बदलल्याचं बिल बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. बिल नसेल तर चेनचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करून बोला. याच डिझेल इंजिनांच्या ईजीआर कूलरमधून कूलंट गळून काजळीशी मिसळतं आणि आग लागण्याचा धोका निर्माण होतो, म्हणून २०१८ मध्ये कंपनीनं दक्षिण कोरियापासून सुरुवात करून जगभर गाड्या परत बोलावल्या. आपली गाडी त्यात येते का आणि काम झालं आहे का, हे चेसिस नंबर देऊन शोरूममध्ये विचारता येतं.

मर्सिडीजच्या सी आणि ई क्लासमध्ये २००९ नंतर ओएम ६५१ हे डिझेल आलं. सी २२० सीडीआय, ई २५० सीडीआय ही त्यातलीच. सुरुवातीच्या गाड्यांना डेल्फीचे पिझो इंजेक्टर होते आणि त्यांनी पुष्कळ त्रास दिला. पुढे कंपनीनं ते बदलून सोलेनॉइडचे बसवले. त्यामुळे २००९ ते २०११मधली ई क्लास असेल तर पहिला प्रश्न हाच: इंजेक्टर कधी बदलले, चारही बदलले का? स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरची करेक्शन व्हॅल्यू दिसते. चारपैकी एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असेल तर मायकोवाला जाणकार गाठायची वेळ आली असं समजा. याही इंजिनाची चेन मागच्या बाजूला आहे, म्हणून थंड इंजिन सुरू करताना मागून खडखड येते का, ते ऐकायचं.

पेट्रोल मर्सिडीज घेणाऱ्यांनी सी २०० आणि ई २०० मधल्या एम २७१ या १.८ लिटरच्या इंजिनाला जपून हात लावावा. त्याची चेन ताणते आणि कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या अॅडजस्टरच्या चक्रांचे दात झिजतात. सकाळी चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद खर्रर्र आवाज आला आणि मग बंद झाला, तर तो आवाज याच कामाची सूचना आहे. चाव्यांवरून आठवलं. त्या काळातल्या सी आणि ई क्लासमध्ये स्टिअरिंगचं इलेक्ट्रॉनिक लॉक बिघडतं. चावी घातली, फिरवली आणि काहीच होत नाही: ना दिवे लागत, ना स्टार्टर. घराच्या पार्किंगमध्ये झालं तर वैताग, घोटीच्या हॉटेलबाहेर रात्री झालं तर गाडी टो करावी लागते. मालकाला सरळ विचारा, हे बदललं आहे का.

ऑडी तर एका अर्थानं आपल्या शेजारची. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात २००७ पासून ऑडीची जोडणी सुरू झाली. ए ४ आणि ए ६ चं दोन लिटर टीडीआय इंजिन तसं दणकट. २०१५च्या डिसेंबरमध्ये धुराच्या चाचणीच्या घोटाळ्यापायी फोक्सवॅगन समूहानं भारतात ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या, त्यांत ३६,५०० ऑडी होत्या. ते सॉफ्टवेअरचं काम झालं का, याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये हवी. ऑडीतला खरा पेच १.८ आणि २.० टीएफएसआय पेट्रोलचा आहे. २०१२च्या आसपासपर्यंतच्या या इंजिनांच्या पिस्टनच्या ऑइल रिंग कमकुवत होत्या, त्यामुळे गाडी ऑइल पिते. हजार-दीड हजार किलोमीटरला एक लिटर टाकावं लागतं असं मालक सहज बोलून गेला, तर "जर्मन गाड्या थोडं ऑइल खातातच" या पुढच्या वाक्यावर विश्वास ठेवू नका. रिंग बदलायला इंजिन उघडावं लागतं. याच इंजिनात चेनचा टेन्शनरही निकामी होतो आणि प्लास्टिकच्या वॉटर पंपाच्या घरातून कूलंट झिरपतं. तीन दुखणी एका ठिकाणी असलेली गाडी भाव कितीही पाडून मिळाली तरी मी सोडून देईन.

जॅग्वारची एक्सई आणि एक्सएफ दिसायला या सगळ्यांत देखणी, आणि भावही सगळ्यात जास्त पडलेला. त्यातल्या इंजेनियम डिझेलचं एक गणित समजून घ्या, कारण ते आपल्या वापराशी जोडलेलं आहे. एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती स्वतःला साफ करण्यासाठी जास्तीचं डिझेल जाळते आणि त्यासाठी गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका वेगानं चालावी लागते. गाडी रोज कॉलेज रोड ते अंबड एवढीच फिरली, तर साफसफाई अर्धवट राहते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याचा मार चेनवर बसतो. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर बोनेट बंद करून घरी या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं, त्यानंतरच्या प्रत्येक डिझेल गाडीत ही गाळणी आहे. शहराबाहेर आठवड्यातून एकदाही जाणं होत नसेल, तर डिझेलचा मोह सोडा आणि पेट्रोल बघा.

कोणत्याही इंजिनाच्या जॉबकार्डवर दोन गोष्टी वाचा. ऑइल किती किलोमीटरला बदललं आणि कोणतं टाकलं. कंपनीनं पंधरा हजारांचं अंतर सांगितलं असलं तरी दहा हजारांना ऑइल बदलणारा मालक मला आवडतो. चेनच्या तक्रारी अशा मालकांच्या गाड्यांत कमी निघतात. ऑइलच्या डब्यावर बीएमडब्ल्यूसाठी एलएल-०४, मर्सिडीजसाठी २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडी डिझेलसाठी ५०७.०० हे आकडे हवेत. बिलावर नुसतं "इंजिन ऑइल सिंथेटिक" लिहिलेलं असेल, तर त्या वर्कशॉपनं काय ओतलं ते देव जाणे.

गिअरबॉक्स

"हा लाइफटाइम सील्ड आहे, ऑइल बदलावं लागत नाही." हे वाक्य तुम्हाला शोरूममध्येही ऐकू येईल. कंपनीच्या हिशेबात लाइफटाइम म्हणजे पहिल्या मालकाचा काळ. बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारमधला आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते. त्याचा खालचा प्लास्टिकचा पॅन आणि फिल्टर एकाच तुकड्यात येतो, म्हणून काम थोडं महाग पडतं. पण एवढं केलं की हा गिअरबॉक्स दीर्घायुषी आहे.

मर्सिडीजच्या सेव्हन-जी ट्रॉनिकचा मेंदू गिअरबॉक्सच्या आतच, ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यातला स्पीड सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि गिअर पुढे बदलत नाही. बदललेला भाग त्या गाडीशी कोडिंगनं जुळवावा लागतो, म्हणून भंगारातला आणून बसवण्याचा जुगाड इथे चालत नाही.

जुन्या ए ४ आणि ए ६ डिझेलमध्ये मल्टिट्रॉनिक हा चेनवर चालणारा सीव्हीटी आहे. ऑडीनं तो पुढे बंदच केला. द्वारकेच्या चौकात गाडी मुंगीच्या चालीनं पुढे सरकताना हिसके बसत असतील, किंवा डिस्प्लेवरची गिअरची सगळी अक्षरं एकदम उजळत असतील, तर दुखणं तिथेच आहे. त्यानंतर आलेला सात गिअरचा एस-ट्रॉनिक मला जास्त पटतो, फक्त त्याचं ऑइल ६० हजारांना बदललेलं हवं. स्कोडा सुपर्बच्या १.८ टीएसआयमधला कोरड्या क्लचचा डीएसजी हे वेगळंच प्रकरण आहे. सुपर्ब घ्यायची तर डिझेल बघा.

खालून बघा

नाशिकचे रस्ते सध्या सिंहस्थाच्या कामांनी उकरलेले आहेत. ते नीट होतील तेव्हा होतील, तोपर्यंत पुढच्या चाकांचे आर्म आणि बुश यांनी मार खाल्लेलाच असतो. ऑडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये एका बाजूला चार-चार अॅल्युमिनियमचे आर्म असतात आणि त्यांचे रबरी बुश एकेक करून जातात. बीएमडब्ल्यूत आणि मर्सिडीजमध्ये आर्म कमी, पण बुशचं दुखणं तेच. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरणं, स्पीडब्रेकरवर पुढून "टक" असा एकच आवाज येणं, टायर आतल्या कडेनं जास्त झिजणं या त्याच्या खुणा. हा खर्च परवडणारा आहे. घासाघीस करायला उपयोगी पडतो, एवढंच. सुटे भाग कंपनीच्या डब्यात घेतले तर एक भाव आणि लेमफोर्डर, साक्स, माहले अशा मूळ उत्पादकांच्या डब्यात घेतले तर बराच कमी. तुमच्या वर्कशॉपवाल्याला ही नावं माहीत असतील तर तो कामाचा माणूस आहे.

एस क्लासची हवेवर चालणारी सस्पेन्शन मात्र खिसा रिकामा करू शकते. एखाद्या स्ट्रटमधून बारीक गळती सुरू झाली की कॉम्प्रेसर उंची राखण्यासाठी सतत चालत राहतो आणि शेवटी जळतो. मग दोन्ही भाग बदला. गाडी बघायला जायच्या आदल्या रात्री मालकाला सांगा, ती सपाट जागेवर बंद करून ठेवा. सकाळी एक कोपरा बसलेला दिसला तर कारण शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

दिंडोरी-पिंपळगावकडची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालची बाजू नक्की बघा. मळ्यापर्यंतच्या रस्त्यावर या लांबलचक, जमिनीलगतच्या गाड्यांचं पोट दगडाला लागतं. ऑइलच्या पॅनवर वेल्डिंगची खूण, प्लास्टिकच्या तळपट्ट्या तारेनं बांधलेल्या, एक्झॉस्टला चेपलेला भाग: हे पाहिलं की गाडीनं काय काय सोसलं ते कळतं.

बीएमडब्ल्यूच्या रन-फ्लॅट टायरबद्दल थोडक्यात. पंक्चर झाल्यावरही ८० किलोमीटर जाता येतं, पण कडा कडक असल्यानं खड्ड्यात अलॉय वाकतो. चारही रिम फिरवून बघा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. ३५१९ म्हणजे २०१९चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांपुढचे टायर लावून समृद्धी महामार्गावर चढू नका. एकशेवीसच्या वेगानं तापलेल्या सिमेंटवर तासन्‌तास चालताना जुना टायर फुटतो.

गंगापूर रोडसारख्या झाडांच्या रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या सनरूफची पाणी वाहून नेणारी नळी पानांनी तुंबते आणि पाणी छतातून आत उतरतं. छताच्या कापडावर खांबाजवळ पिवळट डाग शोधा.

पुरातली गाडी ओळखणं जास्त महत्त्वाचं. डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर, ऑगस्ट २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, यांत बुडालेल्या गाड्या स्वच्छ करून दूरच्या शहरांत विकल्या जातात. गोदेचा पूर नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, गाडीतला पूर सीटबेल्टवरून मोजायचा. पट्टा शेवटपर्यंत ओढा. पाणी जिथपर्यंत चढलं तिथे चिखलाची रेघ राहते, कारण पट्ट्याचा आतला भाग धुवायचं कुणाच्या लक्षात येत नाही. मग सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचा फोम आणि डिकीतली स्टेपनीची जागा तपासा. बीएमडब्ल्यूची आणि ए ६ ची बॅटरी डिकीत असते, तिथे ओल म्हणजे पुढे वर्षभर विजेचे चमत्कार.

बघायला कधी जायचं

सकाळी, आणि इंजिन थंड असताना. मालकाला बजावून सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तुम्ही पोहोचलात आणि बोनेट गरम लागलं तर कारण विचारा. चेनचा आवाज, इंजेक्टरचं धडधडणं, पांढरा धूर, हे सगळं पहिल्या मिनिटात दिसतं आणि मग लपतं. डिसेंबर-जानेवारीत गाडी बघायची असेल तर निफाडची थंडी तुमच्या बाजूची आहे.

मालक तयार असेल तर कसारा घाट उतरून परत चढा. चढावर गिअर कसे बदलतात, टर्बो ओढतो का, तापमान कुठे जातं हे सगळं तिथे कळतं. तेवढं जमत नसेल तर पाथर्डी फाट्यावरून विल्होळीपुढे हायवेवर न्या आणि परत येताना एसी चालू ठेवून द्वारकेच्या गर्दीत दहा मिनिटं अडकून राहा. द्वारकेला ती संधी बहुधा आपोआपच मिळते.

स्कॅन शेवटी करा, टेस्ट ड्राइव्हनंतर. आदल्या दिवशी कुणी फॉल्ट कोड पुसून ठेवले असतील तर चालवल्यावर काही परत उमटतात. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हेही स्कॅनर सांगतो. तो आकडा वीस-तीस असेल तर मालकाकडे बघा. मीटर मागे फिरवलेला आहे का, हेही इथेच कळतं. डॅशबोर्डवरचा आकडा बदलणं सोपं, पण किलोमीटरची नोंद इतर कॉम्प्युटरमध्येही असते आणि बीएमडब्ल्यूच्या चावीतही असते. शिवाय अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसची नोंद चेसिस नंबरवर राहते. मालकाच्या संमतीनं ती मागा. संमती द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या गाडीचा नाद सोडा.

कमी चाललेली गाडी चांगली, हा समज मला पटत नाही. दहा वर्षांत पंचेचाळीस हजार चाललेली गाडी म्हणजे लहान लहान फेऱ्या, तुंबलेली गाळणी, सुकलेले रबर आणि तारखेऐवजी किलोमीटर बघून लांबवलेली सर्व्हिस. त्यापेक्षा दर आठवड्याला मुंबईला जाऊन-येऊन एक लाख दहा हजार चाललेली आणि प्रत्येक बिल फाइलमध्ये लावलेली गाडी मी डोळे झाकून निवडेन.

कागद

नाशिकचा एमएच १५, मुंबई-पुण्याचे एमएच ०१, ०२, १२, १४: राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर तोच राहतो, फक्त मालकी बदलते. विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० भरायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवेत, नाहीतर आरसीवरचा बोजा उतरत नाही. मालकी बदलल्याचं कळवायला कायद्यानं विकणाऱ्याला १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस आहेत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढून येईल हे धरून चाला.

"सह्या केलेले फॉर्म घ्या, ट्रान्स्फर सावकाश करा" असं एजंट म्हणेल. करू नका. पेठ रोडच्या आरटीओत फाइल जमा झाल्याची पावती हातात येईपर्यंत किमतीतली काही रक्कम राखून ठेवा आणि तसं आधीच लिहून घ्या. पैसे बँकेतूनच द्या. ई-चलानं थकली आहेत का, ते वाहतूक पोलिसांच्या साइटवर बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी पाटी बसलेली आहे का, तेही.

दिल्लीची गाडी स्वस्त का असते? तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या डिझेल सेडान तिथून बाहेर लोटल्या गेल्या. भाव मोहक असतो, पण फॉर्म २८ ची एनओसी आणायची, इथे नवा नंबर घ्यायचा आणि महाराष्ट्राचा कर भरायचा. वीस लाखांपुढच्या डिझेल गाडीला आपल्याकडे नवी असताना १५ टक्के कर लागतो. जुनीला वयानुसार कमी लागतो, तरी हिशेब मांडला की दिल्लीची स्वस्ताई बरीचशी विरघळते.

विक्रेता डीलर असेल तर अशा मोठ्या गाड्यांवर २५ जानेवारी २०१८ पासून त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आहे. दोन व्यक्तींमधल्या व्यवहारावर नाही. डीलर पूर्ण किमतीवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर बिल नीट वाचा. मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ड प्लस या कंपन्यांच्या स्वतःच्या योजनांत गाडी महाग मिळते, पण वॉरंटी मिळते. सी क्लासचा गिअरबॉक्स एकदा वॉरंटीत बदलला की तो फरक वसूल होतो. वॉरंटीच्या कागदात काय वगळलं आहे तेवढं मात्र आधी वाचा.

आणि ज्याला नुसता मागच्या सीटवरचा आराम हवा आहे, लोगोचं फार कौतुक नाही, त्यानं टोयोटाची कॅमरी हायब्रिड एकदा बघावी. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा देणारी जाळी असते, तिच्यात धूळ साचू दिली नाही तर ही गाडी वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. मित्रमंडळींत तिचा रुबाब पडत नाही, हे खरं.

ताबा घ्यायच्या दिवशी तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सहीनं करा, म्हणजे आधीची चलानं त्याची आणि नंतरची तुमची. दोन्ही चाव्या मागा. दुसरी चावी "घरी कुठेतरी आहे" असं उत्तर मिळालं तर डुप्लिकेटचा खर्च तिथल्या तिथे कापून घ्या, कारण ती कंपनीकडून आरसी आणि ओळखपत्र देऊन मागवावी लागते आणि स्वस्त नसते. मग डिकी उघडून जॅक, टो करायचा हुक आणि व्हील लॉकचं सॉकेट जागेवर आहे का बघा. ऑडीसारख्या गाड्यांच्या प्रत्येक चाकाला एक वेगळा बोल्ट असतो आणि तो त्या छोट्या सॉकेटशिवाय निघत नाही. टायरवाल्याच्या दुकानात विसरलं जातं ते नेमकं तेच.